दुबळ्या ब्रेकची गोष्ट

शाळेचे स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आले असताना अकरावीची चार मुले आमच्याकडे एक तक्रार घेऊन आली. भंगारात काढलेल्या मोपेडचे इंजिन, जुन्या नळांची चौकट आणि ट्रॉलीची चार रबरी चाके यांपासून त्यांनी 'गो-कार्ट' तयार केली होती. गाडी झकास धावत होती, पण थांबत नव्हती! मागच्या आसावर एक ड्रम होता, ड्रमभोवती अस्तर लावलेला पोलादी पट्टा होता आणि पेडल दाबले की वायरीने तो पट्टा आवळला जाई. चालवणारा मुलगा पेडलवर अक्षरशः उभा राहिला तरी गाडी मैदानाची फक्कीची रेघ ओलांडून कुंपणात शिरली. त्याचा गुडघा फुटला. संमेलनात पाचवी-सहावीच्या मुलांना या गाडीतून फेरी मारून आणायचा त्यांचा बेत होता, म्हणून आम्हाला जास्त काळजी वाटली.

मुलांनी आपले निदान करून ठेवले होते. "सर, ड्रम लहान पडतोय. मोठा मिळत नसेल तर पट्टा दुप्पट रुंद करतो."

आम्ही त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले. कारण नेमका हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मोटारगाडीच्या जनकांसमोर उभा राहिला होता, आणि तो टप्प्याटप्प्याने कसा सुटला हे पाहिले तर या गाडीचे दुखणेही सापडेल असे आम्हाला वाटले. ते दोन दिवस आम्ही मुलांसोबत ब्रेकचा इतिहास वाचण्यात घालवले. त्याचाच हा गोषवारा.

आधी थोडा हिशोब

ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. चालकासह गाडीचे वस्तुमान १५० किलोग्रॅम आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरला, तर गतिज ऊर्जा ७,५०० ज्यूल होते. रस्त्याने चाकांना ६०० न्यूटन बळाने मागे रेटले तर ही ऊर्जा संपायला साडेबारा मीटर लागतील. वेग दीडपट केला की ऊर्जा सव्वादोनपट होते आणि त्याच बळाने थांबायला अठ्ठावीस मीटर लागतात. मुलांनी गाडी 'जरा जोरात' नेली, एवढ्यानेच थांबण्याचे अंतर दुपटीहून अधिक वाढले होते.

चाकाची त्रिज्या १४ सेंटिमीटर आणि ड्रमची ६ सेंटिमीटर होती. टायरपाशी ६०० न्यूटन हवे असतील तर ड्रमच्या पृष्ठभागावर १,४०० न्यूटन घर्षण निर्माण करावे लागेल. बारीकशा पायाने हे कसे साधायचे, हा खरा प्रश्न. मोठा ड्रम बसवला तर त्रिज्येच्या प्रमाणात फायदा होईल हे मुलांचे म्हणणे बरोबर होते. पण चाकच एवढेसे असताना ड्रम मोठा करून करून किती करणार?

पट्टा रुंद करण्याचा उपाय मात्र फसवा आहे. १६९९ मध्ये गियोम आमोंतॉं यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितले की घर्षण हे दाबणाऱ्या बळाच्या प्रमाणात असते, स्पर्श करणाऱ्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. अकादमीतील विद्वानांना हे पटेना. पुढे १७८० च्या दशकात शार्ल कुलंब यांनी लाकूड, लोखंड, दोर यांवर पुष्कळ प्रयोग करून या नियमाला दुजोरा दिला. रुंद अस्तराने झीज कमी होते आणि उष्णता पसरते, हा फायदा खराच. पण तेवढ्याच बळाने ओढलेला रुंद पट्टा अरुंद पट्ट्यापेक्षा जास्त घट्ट धरत नाही.

म्हणजे घर्षण वाढवायचे तर दोनच वाटा राहतात. अस्तराचा पदार्थ बदलायचा किंवा दाब वाढवायचा. इतिहासात आधी पहिली वाट चोखाळली गेली.

मोच्याच्या दुकानात

१८८६ मध्ये कार्ल बेंझ यांना तीन चाकी मोटारगाडीचे पेटंट मिळाले. पण गाडीला गिऱ्हाईक मिळेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बर्था यांनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि ऑयगेन व रिचर्ड या पंधरा आणि तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्झहाइमला, म्हणजे शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी, त्या निघाल्या. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधन संपले, ते वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली.

सर्वांत मोठी अडचण उतारावर आली. ब्रेक म्हणून चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे होते. उतारावर ते झिजले आणि धरेनासे झाले. बर्थाबाईंनी बाउश्लोट गावात एका मोच्याला गाठले आणि ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. पकड सुधारली, लाकूड वाचले आणि चामडे झिजले की बदलता येऊ लागले. ब्रेकला 'अस्तर' लावण्याची कल्पना मोटारीच्या इतिहासात येथे आली. दुबळ्या ब्रेकची ही पहिली नोंदलेली दुरुस्ती, आणि ती एका गृहिणीने वाटेत केलेली!

इंग्लंडच्या डार्बीशायर परगण्यात डोंगरउताराचे रस्ते आहेत. तेथील घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचे तळ ठोकत असत. हर्बर्ट फ्रूड यांनी ते पाहिले आणि १८९७ मध्ये ब्रेकची अस्तरे बनवण्याचा धंदा सुरू केला. स्वतःच्या आडनावातील अक्षरांत एकाची भर घालून, ती उलटसुलट करून त्यांनी 'फेरोडो' हे नाव तयार केले. सुरुवातीची अस्तरे कापसाच्या विणलेल्या पट्ट्यांत चिकट द्रव्य मुरवून केलेली होती. घोडागाडीला ती पुरत. मोटारीच्या ब्रेकमधील उष्णतेने मात्र कापूस करपू लागला. तेव्हा १९०८ मध्ये फ्रूड अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळले. हे खनिज जळत नाही, कुजत नाही आणि कापसासारखे विणता येते. ब्रेकसाठी जणू देवाने धाडलेला पदार्थ! पुढची सत्तरएक वर्षे जगभरच्या ब्रेकमध्ये त्याचेच राज्य होते.

या सोयीची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि तेथेच राहतात. रॉचडेल येथील अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात सूत कातणाऱ्या नेली कर्शॉ यांचा १९२४ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी मृत्यू झाला. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारी अहवालाने हा आजार कारखान्यातील धुळीमुळेच होतो हे दाखवून दिले. तंतूंमुळे कर्करोग होतो हेही पुढे सिद्ध झाले. तरी ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

हे येथे सांगण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. भंगारातून आणलेल्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून जुना ड्रम उघडल्यावर धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नये, लायनर कानशीने घासू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. आमच्या चौघांनी ड्रम उघडून चांगली फुंकर मारली होती. हे कोणी त्यांना सांगितलेच नव्हते, हा दोष आम्हा शिक्षकांचा. तो पट्ट्याचा तुकडा आम्ही बाजूला काढला आणि 'अ‍ॅस्बेस्टॉसविरहित' असे छापलेले नवे अस्तर आणवले.

बैलाचे दावे आणि ऑयलरचे गणित

आता दुसरी वाट: दाब वाढवणे. उधळलेला बैल आवरताना शेतकरी काय करतो? हातातले दावे झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देतो आणि मोकळे टोक धरून ठेवतो. एवढा मोठा बैल, पण एकटा माणूस त्याला थोपवतो. धक्क्याला लागणारी बोट खलाशी असाच खुंटावर दोराचे वेढे देऊन थांबवतो.

यामागचे गणित अठराव्या शतकात लेओनहार्ट ऑयलर यांनी मांडले आणि जर्मन अभियंते योहान आयटेलवाइन यांनी १८०८ मध्ये ते अभियंत्यांच्या वापरात आणले. दोर बुंध्याला जितक्या कोनातून वेढलेला असेल तितक्या वेळा त्यातील ताण पटीने वाढत जातो. घर्षणांक ०.३ धरला तर पाव वेढ्याला ताण १.६ पट होतो, अर्ध्या वेढ्याला २.६ पट, पाऊण वेढ्याला ४.१ पट आणि पूर्ण वेढ्याला ६.६ पट. दोन वेढ्यांना हा आकडा ४३ वर जातो! बुंधा जाड की बारीक याने काही फरक पडत नाही. कोन आणि घर्षणांक एवढेच महत्त्वाचे. चक्रवाढ व्याज शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

पट्टा ब्रेक म्हणजे हेच दावे, फक्त येथे बुंधा फिरतो. पट्ट्याचे एक टोक चौकटीला जखडलेले असते आणि दुसरे पेडलने ओढायचे. फिरणारा ड्रम घर्षणाने पट्ट्याला आपल्याबरोबर ओढू पाहतो, त्यामुळे एका टोकाला ताण जास्त आणि दुसऱ्याला कमी असतो. आता प्रश्न असा की पेडल कोणत्या टोकाला जोडावे?

समजा पट्टा ड्रमला पाऊण वेढ्याने लपेटला आहे. कमी ताणाच्या टोकाला आपण १०० न्यूटनने ओढले तर जखडलेल्या टोकाला ४११ न्यूटन ताण येतो. दोहोंतील फरक, म्हणजे ३११ न्यूटन, हे ड्रमला थांबवणारे बळ. ड्रमच पट्टा आवळायला मदत करतो. उलट, जास्त ताणाच्या टोकाला १०० न्यूटनने ओढले तर दुसऱ्या टोकाला जेमतेम २४ न्यूटन उरतात आणि थांबवणारे बळ ७६ न्यूटनच मिळते. येथे ड्रम पट्टा सैल करण्याचे काम करतो, आणि पायाला त्याच्याविरुद्ध झगडावे लागते. ड्रम तोच, पट्टा तोच, पायाचे बळ तेच, पण फरक चौपटीचा.

मुलांची गाडी आम्ही उलटी करून पाहिली. चाक पुढे फिरवून पट्टा कोणत्या बाजूला ताणला जातो ते बघितले. पेडलची वायर नेमकी जास्त ताणाच्या टोकाला जोडलेली होती! गाडी मागे ढकलली तर ब्रेक उत्तम लागत होता.

पट्टा गेला, शू आले

पहिल्या मोटारींना हाच गुण उलट्या बाजूने छळत असे. पट्टा ब्रेक पुढे जाताना घट्ट धरी, पण चढावर इंजिन बंद पडून गाडी मागे सरकू लागली की सुटून जाई. म्हणून पुष्कळ जुन्या गाड्यांखाली एक टोकदार लोखंडी दांडा लोंबत ठेवलेला असे. तो रस्त्यात रुतवून गाडी अडवायची. शिवाय ड्रमच्या बाहेर असलेल्या पट्ट्यात चिखल-पाणी शिरे.

१९०२ मध्ये लुई रेनो यांनी ब्रेक ड्रमच्या आत नेला. दोन अर्धगोल 'शू' आतून फाकतात आणि ड्रमला टेकतात. आजही स्कूटरच्या मागच्या चाकात हीच रचना दिसते. शू एका टोकाला बिजागरीवर बसवलेला असतो. ड्रमच्या फिरण्याने जो शू बाहेर ओढला जातो तो आपल्या आपण अधिक दाबला जातो. दुसरा शू मात्र आत ढकलला जातो. पुढे जाताना एक शू मेहनती आणि एक आळशी, मागे जाताना त्यांच्या भूमिका उलट. दोन्ही दिशांना बऱ्यापैकी धरणारा, चिखलापासून सुरक्षित असा हा समंजस तोडगा होता. पट्टा लगेच नाहीसा झाला नाही. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चा पायाचा ब्रेक हा गिअरपेटीतील ड्रमभोवतीचा पट्टाच होता.

वायरीत हरवणारे बळ

अस्तर चांगले, दिशा बरोबर, तरीही ब्रेक दुबळा राहू शकतो. पायाचे बळ ड्रमपर्यंत पोचतच नसेल तर?

१८९६ मध्ये अर्नेस्ट बाउडेन यांनी एका लवचिक नळीतून सरकणाऱ्या पोलादी वायरीचे पेटंट घेतले. सायकलच्या दुकानात आपण ज्याला 'आउटर' आणि 'इनर' म्हणतो ती ही बाउडेन केबल. कोठेही वळवता येते ही तिची खुबी आणि हाच तिचा दोष. कारण वळणावर वायर नळीच्या आतल्या बाजूला घासते, आणि तेथेही ऑयलरचेच गणित लागू पडते! वायरीची सगळी वळणे मिळून १८० अंश होत असतील आणि घर्षणांक ०.१५ असेल, तर पायाकडून निघालेल्या बळापैकी सुमारे ६२ टक्केच पलीकडे पोचते. वळणाची त्रिज्या मोठी असो की लहान, एकूण कोन मोजायचा. गंजलेल्या, धुळीने भरलेल्या वायरीत तर निम्मेही बळ उरत नाही. ड्रमवर जे घर्षण आपल्याला हवे असते तेच वायरीत नको असते. शिवाय आउटर दाबले जाऊन आखडते, चौकट वाकते, आणि पेडलची हालचाल त्यातच खर्च होते.

मोठ्या गाड्यांनी वायरीऐवजी ताठ सळया वापरून पाहिल्या. जुन्या काळ्या सायकलचे सळईचे ब्रेक हे त्याच कुळातले. पण १९२० च्या दशकात चारही चाकांना ब्रेक आले तशी नवी पंचाईत झाली. पुढची चाके वळतात, वरखाली होतात. मग सळईची लांबी कशी जमवायची? चारही ब्रेक सारखेच लागावेत म्हणून वारंवार जुळवणी करावी लागे. एका बाजूचा ब्रेक जरा आधी लागला की गाडी त्या बाजूला ओढली जाई. हिस्पानो-सुइझा कंपनीने १९१९ मध्ये मार्क बिर्किख्ट यांनी योजलेली एक युक्ती आणली: गाडीच्या स्वतःच्या गतीकडूनच ब्रेक दाबायला बळ घ्यायचे. रोल्स-रॉइसने ती परवान्याने घेतली.

दुसरा मार्ग पास्कलचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातला नियम. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये त्यावर आधारित ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. द्रवाला वळणाचे वावडे नाही आणि चारही चाकांना दाब आपोआप सारखा मिळतो. तरी हेन्री फोर्ड बधले नाहीत. नळी फुटली तर काय, अशी शंका घेत त्यांनी पोलादी सळयांचा आग्रह धरला आणि १९३९ च्या मॉडेलपर्यंत हायड्रॉलिक ब्रेक लांबवले. शंका अगदी निराधार नव्हती, म्हणूनच आजही हायड्रॉलिक ब्रेकच्या मोटारीत एक स्वतंत्र यांत्रिक हँडब्रेक दिसतो किंवा त्या जागी विजेवर चालणारा ब्रेक असतो.

डिस्क ब्रेकची कल्पनाही जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीने ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो. डिस्क तापली की जाड होऊन पॅडच्या जवळ येते. मात्र डिस्क फिरताना पॅडला अधिक दाबत नाही. स्वतःहून आवळण्याची मदत येथे मिळत नाही, म्हणून तिला जास्त बळ लागते. नुसत्या वायरीवर चालणारा डिस्क ब्रेक घरगुती गाडीला बसवून 'तरी ब्रेक लागत नाही' अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कार्टकडे परत

गो-कार्टचा जन्मही मुलांच्या गाडीसारखाच झाला. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील आर्ट इंगल्स या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लू बोरेली या मित्राच्या मदतीने नळांच्या चौकटीवर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन चढवले. पाहणाऱ्यांनी त्याचे अनुकरण केले, कंपन्या निघाल्या आणि १९६४ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाल्या. आयर्टन सेनासारखे चालक कार्टवरच घडले. पण घरी बनवलेल्या कार्टमध्ये आजही बहुधा पट्टा किंवा छोटा ड्रम, एक वायर आणि एक पेडल एवढेच असते. म्हणजे मोटारीने १९०० च्या सुमारास सोडवलेले सगळे प्रश्न तेथे पुन्हा पहिल्यापासून उभे राहतात.

आता आमच्या गाडीचा हिशोब पुरा करू. ड्रमवर १,४०० न्यूटन हवे होते. वायर उलट्या टोकाला असताना पट्टा १,८५० न्यूटनने ओढावा लागत होता. पेडलची तरफ बळ चौपट करणारी होती, म्हणजे पायाला ४६२ न्यूटन. आणि वायरीतली घट धरली तर ७४० न्यूटन. हे पंचाहत्तर किलो वजनाइतके बळ झाले. पन्नास किलोचा मुलगा पेडलवर उभा राहूनही का हरला ते उघड झाले. तेच टोक बदलल्यावर पट्ट्याला ४५० न्यूटन पुरतात आणि पायाला, वायरीतली घट धरूनही, १८० न्यूटन. म्हणजे अठरा किलो. बसल्या जागी कोणतेही मूल एवढे दाबू शकते.

मुलांनी टोके बदलली, वायरीचे एक अनावश्यक वळण काढले, नवे आउटर घालून तेल सोडले आणि नव्या अस्तरावर ते तेल जाणार नाही याची काळजी घेतली. ड्रम बदलावा लागला नाही. आधी गाडी हाताने ढकलून, मग सावकाश चालवून, मग वेग वाढवत त्यांनी चाचण्या घेतल्या. आपोआप आवळणारा ब्रेक अचानक जखडू शकतो, म्हणून ही क्रमवार चाचणी हवीच. तेवढ्यात एकाने विचारले, "सर, वायर तुटली तर?" फोर्डचीच शंका! मग हाताने ओढायचा दुसरा, वेगळ्या वायरीवरचा ब्रेक बसवला.

एक मर्यादा राहिलीच. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहे आणि थांबताना भार पुढच्या चाकांवर जातो. त्यामुळे मागची चाके एका ठराविक बळानंतर घसरणारच. त्यापुढे ब्रेक कितीही सुधारला तरी गाडी लवकर थांबत नाही, आडवी मात्र होते. संमेलनात गाडी धावण्याच्या वेगानेच चालवायची आणि मैदानाच्या टोकाला पेंढ्याचे भारे लावायचे, असे आम्ही ठरवले. लहान मुलांच्या फेऱ्या सुखरूप पार पडल्या.

वर्गात करून पाहा

गो-कार्ट नसली तरी हा धडा वर्गात शिकवता येतो. एक गुळगुळीत नळ दोन बाकांवर आडवा घट्ट बांधा. त्यावरून सुतळी टाका. एका टोकाला एक किलोची पिशवी अडकवा, दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावून सरळ खाली ओढा. सुतळीचा आता अर्धा वेढा झाला. पिशवी जेमतेम वर सरकू लागताना ताणकाटा काय दाखवतो ते टिपा. मग हात सैल करत, पिशवी जेमतेम खाली सरकू लागतानाचा आकडा टिपा. वेढा एकाने वाढवून, म्हणजे दीड वेढा करून, पुन्हा मोजा. मग अडीच वेढे घेऊन पाहा. अडीच वेढ्यांना पिशवी वर ओढवणार नाही, ताणकाटा मोडेल. तेथे फक्त खाली सरकतानाचा आकडा घ्या.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी शोधायला सांगा. प्रत्येक वेढ्यामागे आकडा बेरजेने बदलतो की पटीने? आणि एकाच वेढ्यासाठी मिळालेल्या दोन आकड्यांचा गुणाकार किती येतो? तो पिशवीच्या वजनाच्या वर्गाइतका यायला हवा. आला नाही तर का आला नाही, यावर तासभर चर्चा होऊ शकते.

आणि शेवटी शाळेच्या आवारातली एखादी सायकल उलटी करा. ब्रेकची वायर किती वळणे घेते, ती सगळी मिळून किती अंश होतात, ते मुलांना मोजू द्या. ब्रेक दुबळा असेल तर रबर बदलण्याआधी ती कोठे पाहायची, हे मग त्यांना सांगावे लागणार नाही.